जनसुरक्षा नेमकी कुणाची?

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील राजूरचे (ता. वणी) सुपुत्र डॉ. आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० रोजी, ऐन भीमजयंतीला, एनआयएच्या कोठडीत गेले. सुटले २६ नोव्हेंबर २०२२ला, संविधान दिनी! ३१ महिने गेले, खटला उभाही राहिला नाही. दहशतवादी कृत्यात त्यांचा सहभाग प्रथमदर्शनी दिसत नाही, असे जामीन देताना मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले. मग ते ३१ महिने कोण परत देणार? युएपीएचे कलम ४३ड(५) सांगते, आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले की जामीन नाही. म्हणजे निकालाआधीच शिक्षा!

एवढ्याने भागले नाही म्हणून विधानसभेने १० जुलै २०२५ रोजी जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. कायदा न पाळण्यास प्रोत्साहन देणे हेही त्यात 'बेकायदेशीर कृत्य', आणि गुन्हे अजामीनपात्र. सरकार म्हणते, हे फक्त कडव्या डाव्यांसाठी. पण कडवे कोण, हे आधी ठरवणार सरकारच! उद्या गायरानासाठी, वनहक्कासाठी तहसीलसमोर बसलेल्या आमच्या माणसांवर तोच शिक्का बसणार नाही, याची हमी काय?

आमचा मार्ग बुद्धाचा. हिंसेला आमचा विरोधच आहे. हिंसेसाठी कायदे आधीच आहेत. हा घाव विचारांवर आहे. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे: कलम ४३ड(५) रद्द करा, जनसुरक्षा मागे घ्या.

जय भीम! जय संविधान!