सोळात एक

आत्याचा फोन म्हणजे फुल लाऊडस्पीकर! परवा एडिटरसमोर बसले होते, तेव्हाच वाजला. "धाकट्यासाठी तुझंच नाव काढलंय बघ. घरची पोरगी घरात!"

आमच्या बीडकडे मामाची मुलगी करणं एकदम रेग्युलर. माझ्या ताईचं लग्नही आत्याच्या थोरल्याशीच झालं. ती अंबाजोगाईत, मी पुण्यात.

ताईची लेक आठ वर्षांची. केस, पापण्या, कातडी... सगळं पांढरंशुभ्र. लोक म्हणाले, कोड. स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेजात दाखवलं, तेव्हा कळलं की हा अल्बिनिझम. कोडात असलेला रंग नंतर जातो. इथे मेलॅनिन हे रंगद्रव्य जन्मापासूनच नसतं किंवा अगदी कमी असतं. बुद्धीला काही होत नाही. नजर मात्र अधू, चष्म्यानेही पूर्ण न सुधारणारी. आणि वर बीडचं ऊन! आपण टॅन नको म्हणून सनस्क्रीन लावतो. तिला ते कातडीच्या कॅन्सरपासून वाचायला लागतं. मायबोलीत 'गोरी हवी' म्हणणारे तिला बघून रस्ता बदलतात, हेही आहेच.

आता थोडं गणित. यातला बिघडलेला जीन आई आणि वडील, दोघांकडूनही यावा लागतो. एकाकडूनच आला तर माणसाला पत्ताही लागत नाही. ताई आणि दाजी, दोघांकडेही तो आहे. म्हणजे माझ्याकडे असायची शक्यता निम्मी, धाकट्याकडेही निम्मी. दोघांकडे निघाला तर प्रत्येक बाळामागे पाव. करा गुणाकार... 16त 1! युरोप-अमेरिकेत हाच आकडा साधारण 17 ते 20 हजारांत 1 असतो.

नकाराला याहून सॉलिड कारण काय हवं? उत्साहात ताईला फोन लावला. ती जरा वेळ गप्पच. मग म्हणाली, "नको म्हण की. तुझा हक्कच आहे. पण माझ्या पोरीला कारण करू नको. उद्या ती मोठी होईल, विचारेल, मावशीला मी नको होते का?"

खरं सांगू? माझ्या गणितात ती पोरगी कुठे नव्हतीच.

रात्री आत्याला सांगितलं, मला हे लग्न करायचं नाही. "का गं?" "माझंच मन नाही, आत्या." मग गणितही सांगितलं, पण वेगळं: धाकट्याचं लग्न नात्यातच करायचं असेल, तर आधी दोघांनी जेनेटिक काउन्सेलिंग घ्यावं.

दिवाळीच्या पार्सलमध्ये यंदा फराळासोबत रुंद काठाची हॅट आणि मोठ्या अक्षरांची गोष्टींची पुस्तकं आहेत. मावशीकडून.