तामलवाडीची सीमा आणि फरगण्याचे खोरे

सोलापूरहून तुळजापूरला जाणाऱ्या प्रवाशाला तामलवाडी ठाऊक असते ती बहुधा तेथील टोलनाक्यामुळे. कोजागरीच्या सुमारास तुळजाभवानीच्या दर्शनाला पायी निघालेला भाविकांचा जनसागर याच रस्त्याने पुढे सरकतो. आपण एका राजवटीतून दुसऱ्या राजवटीत पाऊल टाकीत आहोत, असे त्यांच्यापैकी एकाच्याही मनात आज येत नाही. पण १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत वस्तुस्थिती तशीच होती. सोलापूर ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात होते आणि तुळजापूर तालुका निजामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. १५ ऑगस्ट १९४७ ला सोलापूर स्वतंत्र झाले. मात्र तामलवाडीच्या पंचक्रोशीतल्या शेतकऱ्याला ते स्वातंत्र्य काही कोसांवरून नुसते पाहत तेरा महिने काढावे लागले.

ही जुनी सीमा आठवण्याचे निमित्त दूरचे आहे. १३ मार्च २०२५ रोजी बिश्केक येथे किरगिझस्तानचे अध्यक्ष सादिर जापारोव्ह आणि ताजिकिस्तानचे अध्यक्ष इमोमाली रहमान यांनी सीमाकरारावर स्वाक्षऱ्या केल्या. जवळपास हजार किलोमीटरची ही सीमा सोव्हिएत साम्राज्य कोसळल्यापासून, म्हणजे १९९१ पासून, वादग्रस्त होती. त्याच महिन्याच्या अखेरीस खुजंद येथे उझबेकिस्तानही त्यांच्यात सामील झाला आणि तिन्ही सीमा जेथे मिळतात तो बिंदू निश्चित झाला. आपल्या वृत्तपत्रांनी या घटनेला फारशी जागा दिली नाही. फरगणा म्हटले की आपल्याला आठवतो तो तेथून निघून दिल्लीच्या तख्तावर येऊन बसलेला बाबर. त्या खोऱ्यात पुढे काय झाले, याची चौकशी करण्याची तसदी आपण सहसा घेत नाही.

सोव्हिएत सत्ताधाऱ्यांनी मध्य आशियाचे नकाशे आखले ते एकाच साम्राज्याचे अंतर्गत विभाग म्हणून. शेत एका प्रजासत्ताकात आणि त्याला पाणी देणारा पाट दुसऱ्यात, अशी अवस्था असली तरी मॉस्कोचा अंमल असेतोवर कोणाचे अडत नव्हते. अंमल संपला आणि त्या रेघांवर काटेरी तारा उभ्या राहिल्या. ताजिकिस्तानचे वोरुख हे गाव तर चहूबाजूंनी किरगिझ प्रदेशाने वेढलेले आहे. सोलापूरकरांना याचे नवल वाटू नये. बार्शी रस्त्यावरील नान्नज हे असेच भारतीय मुलखाने वेढलेले निजामाचे बेट होते. जुलै १९४८ मध्ये तेथे भारतीय तुकडीवर हल्ला झाला, तेव्हा आपल्या सैन्याने ते गाव ताब्यात घेतले. वोरुखच्या भोवती २०२१ आणि २०२२ मध्ये पाणी आणि रस्त्याच्या वादावरून बंदुका चालल्या, रणगाडे आले आणि हजारो कुटुंबांना घरे सोडावी लागली. सप्टेंबर २०२२ मधील चकमकी भडकल्या तेव्हा दोन्ही देशांचे अध्यक्ष समरकंद येथे शांघाय सहकार्य संघटनेच्या शिखर परिषदेत एकाच मेजाभोवती बसले होते. सुरक्षा आणि सहकार्य हाच त्या परिषदेचा विषय होता!

सोव्हिएत संघातून निघालेल्या राष्ट्रांत स्थैर्य नांदावे आणि लोकशाही रुजावी, यासाठी गेल्या तीन दशकांत जगाने परिषदा कमी घेतल्या नाहीत. युरोपीय सुरक्षा व सहकार्य संघटनेने या सर्व राष्ट्रांना सदस्य करून घेतले, त्यांच्या निवडणुकांना निरीक्षक धाडले. रशियाच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या राष्ट्रकुलानेही आपले निरीक्षक धाडले. एकाच मतदान केंद्रावर उभे राहून एका गटाला मतपेट्यांत गैरप्रकार दिसावेत आणि दुसऱ्याला आदर्श निवडणूक दिसावी, हा चमत्कार तेथील मतदारांनी वारंवार पाहिला आहे. नागोर्नो-काराबाखच्या प्रश्नासाठी १९९२ मध्ये मिन्स्क गट नेमला गेला. फ्रान्स, रशिया आणि अमेरिका त्याचे सहअध्यक्ष. तीस वर्षे बैठका झाल्या. निर्णय झाला तो २०२० आणि २०२३ मध्ये शस्त्रांनी, आणि लाखभर आर्मेनियन लोक पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडून निघून गेले. माल्डोवातून आपले सैन्य २००२ पर्यंत काढून घेण्याचे वचन रशियाने १९९९ मध्ये इस्तंबूलच्या शिखर परिषदेत दिले होते. ट्रान्सनिस्त्रियात ते सैन्य आजही आहे. युक्रेनने १९९४ च्या बुडापेस्ट करारनाम्यावर विसंबून अण्वस्त्रे सोडली, त्याचे पुढे काय झाले ते सांगावयास नको.

या मालिकेत एक यश ठळकपणे सांगितले जाते, आणि ते खरेही आहे. १९९२ ते १९९७ या काळात ताजिकिस्तानात भीषण यादवी झाली. संयुक्त राष्ट्रसंघ, मॉस्को आणि तेहरान यांनी एकत्र येऊन ती थांबविली. २७ जून १९९७ च्या करारानुसार सशस्त्र विरोधकांना सत्तेतील ३० टक्के पदे देण्याचे ठरले, निर्वासित परतले. राजनैतिक सहकार्याने काय साधते, याचे हे उत्तम उदाहरण होय. परंतु काय साधत नाही, याचेही. विरोधकांना पदे मिळाली, पण लोकांना सत्तापालट घडविणारे मत मिळाले नाही. विरोधकांची पदे एकेक करून गेली आणि २०१५ मध्ये त्यांच्या पक्षावर बंदी आली. रहमान १९९२ पासून आजतागायत सत्तेवर आहेत. बंदूक थांबविणे परकीयांना जमते. मतपेटीचा विश्वास त्यांना निर्यात करता येत नाही.

येथे पुन्हा तामलवाडीच्या रस्त्यावर यावे लागते. हैदराबादचा प्रश्नही आंतरराष्ट्रीय करण्याचा प्रयत्न झालाच होता. २९ नोव्हेंबर १९४७ च्या जैसे थे कराराच्या आडून निजामाने वेळ काढला. लातूरला वकिली केलेल्या कासीम रझवीच्या रझाकारांनी मराठवाड्यात थैमान घातले आणि ऑगस्ट १९४८ मध्ये निजामाने सुरक्षा परिषदेकडे धाव घेतली. १३ सप्टेंबरला भारतीय सेना सोलापूरकडून निघाली. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरील पूल तिने शाबूत हस्तगत केला, दुसऱ्या तुकडीने तुळजापूर घेतले. पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेने हा विषय १६ तारखेला हाती घेतला आणि १७ तारखेला निजामाने शस्त्रे खाली ठेवली. तो विषय पुढे कित्येक वर्षे परिषदेच्या विषयपत्रिकेवर पडून होता. सरदार पटेल त्या विषयपत्रिकेच्या भरवशावर राहिले असते, तर दख्खनच्या मध्यभागी एक ट्रान्सनिस्त्रिया कायमचा रुजला असता. दीड कोटीहून अधिक लोकसंख्येचा आणि चहूबाजूंनी भारताने वेढलेला.

पण केवळ लष्करी निर्णयाने हे साधले, असे मानणे ही आपल्याकडील एक सोयीस्कर चूक आहे. पोलीस कारवाईनंतरच्या आठवड्यांत याच उस्मानाबाद जिल्ह्यात सूडाच्या लाटेत निरपराध मुस्लिमांचेही बळी गेले. केंद्र सरकारने धाडलेल्या पं. सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव घातले आहे, आणि तो अहवाल दीर्घकाळ दडवून ठेवण्यात आला. रझाकारांचे अत्याचार सांगताना ही बाजू गाळण्याचे कारण नाही. ही जखम चिघळून मराठवाड्याचे फरगणा होऊ शकले असते. ते झाले नाही, याचे श्रेय जाते ते पुढच्या साडेतीन वर्षांना. जनरल चौधरी यांची लष्करी राजवट १९४९ च्या अखेरीस संपली. १९५२ च्या प्रारंभी प्रौढ मतदानाने निवडणूक झाली आणि बी. रामकृष्णराव यांचे निर्वाचित मंत्रिमंडळ सत्तेवर आले. तेलंगणात १९५१ च्या ऑक्टोबरपर्यंत बंदूक हाती घेऊन लढणाऱ्या साम्यवाद्यांचे नेते रवि नारायण रेड्डी याच निवडणुकीत नलगोंड्यातून प्रचंड मतांनी लोकसभेवर निवडून आले. त्यांच्या विचारसरणीविषयी कोणाचे काहीही मत असो, सशस्त्र बंडखोराला मतपेटीने संसदेत आणून बसविले. ताजिकिस्तानच्या करारात जे कागदावर राहिले, ते नलगोंड्यात मतदारांनी करून दाखविले.

आणि सीमा? हैदराबाद संस्थानाचे सोळा जिल्हे, भाषा तीन. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्या राज्याचे विभाजन झाले. मराठी जिल्हे मुंबई राज्यात आले आणि पुढे १ मे १९६० ला महाराष्ट्रात. संस्थान विसर्जित झाले ते संसदेच्या कायद्याने. या पुनर्रचनेतही अन्याय राहिले. बेळगाव, भालकी, बिदरच्या मराठी माणसाला ते विचारावे. परंतु त्या अन्यायाची लढाई न्यायालयात आणि सभागृहात चालते, कालव्याच्या काठावर तोफा लावून नव्हे.

बिश्केक आणि खुजंदच्या करारांचे महत्त्व यासाठी की, तेथे शेजाऱ्यांनी स्वतःच नकाशे पसरले, गावांची अदलाबदल मान्य केली, पाण्याचे वाटप लिहून काढले. सहअध्यक्ष कोणी नव्हते. मात्र करारावर स्वाक्षरी करणाऱ्या दोन्ही राजवटी आपल्या जनतेला मोकळे बोलू देत नाहीत. भूभाग सोडण्याच्या जुन्या प्रस्तावाला विरोध करणाऱ्या किरगिझ कार्यकर्त्यांना २०२२ मध्ये तुरुंग पाहावा लागला होता. किरगिझस्तानात २००५, २०१० आणि २०२० अशी तीनदा जनतेने सत्ता उलथली, २०१० मध्ये संसदीय राज्यघटना स्वीकारली आणि २०२१ मध्ये सारे अधिकार पुन्हा अध्यक्षाच्या हाती सोपविले. लोकांना विचारून न केलेला सीमाकरार पुढचा सत्तापालट पचवू शकेल काय, हा खरा प्रश्न आहे.

भारताचा या प्रदेशाशी संबंध नाही, असे म्हणण्याचे दिवस गेले. जुलै २०१५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी एकाच दौऱ्यात मध्य आशियातील पाचही देशांना भेटी दिल्या. त्याच दौऱ्यात बिश्केक येथे दोन्ही देशांच्या निवडणूक आयोगांत सहकार्याचा करार झाला. २७ जानेवारी २०२२ रोजी या पाचही राष्ट्रप्रमुखांशी पहिली शिखर बैठक झाली, तीही कझाकस्तानात दोनशेहून अधिक बळी घेणारा उद्रेक शमून जेमतेम तीन आठवडे लोटले असताना. संरक्षण, दळणवळण, ऊर्जा यांविषयी दिल्लीत पुष्कळ बोलले जाते. निवडणूक आयोगांच्या त्या कराराविषयी कोणी बोलत नाही. पाश्चात्त्यांप्रमाणे उपदेश करण्याची भारताला गरज नाही आणि तो अधिकारही नाही. परंतु उपदेश न करणे म्हणजे गप्प बसणे नव्हे. निरक्षर मतदारासाठी चिन्ह कसे योजावे, मतदार यादी घरोघर फिरून कशी तयार करावी, हरलेल्या सरकारने कार्यालयाच्या किल्ल्या कशा सुपूर्द कराव्यात, हे अनुभवाने सांगू शकणारे राष्ट्र त्या खोऱ्याच्या आसपास दुसरे नाही. चीन रस्ते देईल, रशिया सैन्य देईल. ही गोष्ट दोघांपाशीही नाही.

आणि हा केवळ परराष्ट्रनीतीचा प्रश्न नाही. वैद्यकीय शिक्षणासाठी मराठवाड्यातील मुले-मुली आज किरगिझस्तान, कझाकस्तान, जॉर्जियात आहेत. शेत गहाण टाकून बापाने त्यांना धाडले आहे. २०२२ मध्ये युक्रेनमधून हजारो विद्यार्थ्यांना ‘ऑपरेशन गंगा’ने परत आणावे लागले. मे २०२४ मध्ये बिश्केकमध्ये जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले, तेव्हा भारतीय दूतावासाला आपल्या मुलांना खोलीबाहेर न पडण्याची सूचना द्यावी लागली. तामलवाडीच्या टोलनाक्यावरून मुलीला विमानतळाकडे घेऊन जाणाऱ्या बापाला फरगण्यातील वोरुख कोठे आहे, हे ठाऊक असण्याचे कारण नाही. दिल्लीतील परराष्ट्र मंत्रालयाला ते ठाऊक असले पाहिजे, आणि २०१५ च्या त्या कराराखाली आजवर किती किरगिझ अधिकारी भारतात येऊन शिकून गेले, याचा हिशेबही त्याने संसदेपुढे ठेवला पाहिजे.