आधी पाण्याचं बोला

उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं बुडालेलं जुनं गाव वर येतं. पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं आणि फोटोंना उधाण येतं. अशाच एका फोटोखाली आमच्या चर्चागटात गावाकडच्या एकानं लिहिलं, 'आमची जमिन पान्यात गेली, आन आता मोटारीला पानी भेटना.' पहिलं उत्तर आलं, 'जमीन. पाणी. आधी शुद्ध लिहायला शिका.' त्यावर पंधरा-वीस हसरे चेहरे. त्यातला एक माझा होता, हे आधीच कबूल करतो. पाण्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. तो माणूस पुन्हा गटात काही लिहिताना दिसला नाही.

मी शुद्धलेखनाचा वैरी नाही. सातबाऱ्यावर नावाची एक वेलांटी चुकली तर तलाठ्याकडे किती खेटे पडतात, ते शेतकऱ्याला विचारा. पाठ्यपुस्तकात, सरकारी आदेशात, छापील अंकात चूक दिसली तर जरूर ओरडा. पण 'पानी' वाचून कुणाचा अर्थ अडला? दुरुस्ती करणाऱ्याला तो नेमका कळला होता. म्हणून तर दुरुस्ती करता आली.

आणि शुद्ध म्हणजे तरी काय? मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम सरकारनं 1962 साली स्वीकारले, 1972 मध्ये आणखी चारांची भर पडली. त्याआधी 'तें घर मोठें होतें' हे शुद्ध होतं. नंतर तीच टिंबं चूक ठरली. 'कवि'चा 'कवी' झाला. गंमत म्हणजे, 'केलं', 'म्हटलं' ही रूपं त्या नियमांनी संवादापुरती ठेवली. एरवी 'केले', 'म्हटले' लिहायचं. हा लेख त्या हिशेबानं पहिल्या ओळीपासून अशुद्ध आहे. तरी मला कुणी हटकणार नाही, कारण ही शिकलेल्यांची बोली आहे. इंदापूरच्या बोलीनं मात्र चपला काढून दाराबाहेर उभं राहायचं. याला व्याकरण म्हणत नाहीत, पंक्तिभेद म्हणतात.

तेव्हा गटात एवढं पाळू या. आधी मुद्द्याला उत्तर द्यायचं. दुरुस्ती सुचवायचीच असेल तर त्या माणसाला एकट्याला, नीट शब्दांत कळवायची. आणि ज्याला उत्तर सुचत नसेल, त्यानं वेलांट्या मोजण्यापेक्षा गप्प बसावं.

त्या माणसाला मी आता एवढंच विचारलंय: मोटार कुठवर सरकवावी लागली?