हातोडाफेकीला तिचं मैदान द्या

टोकियोच्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत १८ सप्टेंबर २०२५ ला नीरज चोप्राचा भाला ८४.०३ मीटरच्या पुढे गेला नाही आणि तो आठवा आला. सचिन यादवने ८६.२७ मीटर फेक केली, त्याचं पदक चाळीस सेंटिमीटरनी हुकलं. आपल्याकडे पुढचे काही दिवस चर्चा याचीच होती आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्याच स्टेडियममध्ये, दोनच दिवस आधी, कॅनडाच्या ईथन कॅट्झबर्गने हातोडा ८४.७० मीटर फेकला, त्याची दखल आपण जवळजवळ घेतलीच नाही. भाला असतो ८०० ग्रॅमचा. हातोडा ७.२६ किलोचा, म्हणजे घरच्या सिलिंडरमध्ये जेवढा गॅस भरलेला असतो त्याच्या निम्म्याहून किंचित जास्त. नऊपट वजनाची वस्तू आणि नीरजच्या त्या दिवसाच्या भाल्याहून लांब!

दोन्ही प्रकारांची सरळ तुलना होत नाही, हे मान्य. भालाफेकपटू धावत येतो, एका हाताने फेकतो आणि त्याच्या भाल्याला हवेचीही साथ मिळू शकते. हातोडाफेकपटूकडे धाव नाही. त्याला मिळतं २.१३५ मीटर व्यासाचं, म्हणजे सात फुटांचं सिमेंटचं वर्तुळ. जो काही वेग कमवायचा तो त्यातच, गिरक्या घेऊन. दोन्ही हातांत मूठ, मुठीला पोलादी तार, तारेच्या टोकाला गोळा.

या गिरक्या एकदा मन लावून बघा. फेकपटू आधी मैदानाकडे पाठ करून उभा राहतो. हातोडा डोक्याभोवती दोनदा-तीनदा फिरवून घेतो. मग गुडघ्यांत वाकतो, बैठक खाली नेतो आणि फिरायला लागतो. उजव्या हाताचा खेळाडू असेल तर सगळा भार डाव्या पायावर. आधी टाच फिरते, मग चवडा, तोवर उजवा पाय उचलला जाऊन पुन्हा जमिनीवर टेकलेला असतो. अशा बहुधा चार गिरक्या, सगळ्या मिळून दोन सेकंदांच्या आसपास. प्रत्येक गिरकीला वेग वाढत जातो. शेवटी गोळा ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेलेला असतो आणि फेकपटूच्या हातांना तीनशे किलोहून अधिक ओढ बसत असते. तो मागे रेलून स्वतःच्या वजनाने ती तोलून धरतो. नुसत्या दंडातल्या ताकदीचं हे काम नाही. पाय अर्धा क्षण उशिरा टेकला तरी तोल जातो आणि हातोडा वर्तुळाभोवतीच्या पिंजऱ्याच्या जाळीत जाऊन आदळतो. मैदानी खेळांतलं इतकं अवघड पदलालित्य दुसऱ्या कुठल्या फेकीत मला तरी दिसलेलं नाही.

आणि टोकियोची अंतिम फेरी ही काही एकट्या कॅट्झबर्गची गोष्ट नव्हती. जर्मनीचा मर्लिन हुमेल ८२.७७, हंगेरीचा बेन्स हालास ८२.६९, युक्रेनचा मिखाइलो कोखान ८२.०२. म्हणजे ८२ मीटर पार करूनही एकाला रिकाम्या हाताने परतावं लागलं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच हालासला ७९.९७ मीटरवर रौप्य मिळालं होतं. वर्षभरात हा खेळ एवढा वर सरकला आहे. कॅट्झबर्गची फेक जागतिक स्पर्धेच्या इतिहासातली सर्वांत लांब ठरली. २००७ सालचा ८३.६३ मीटरचा विक्रम त्याने मीटरहून जास्त फरकाने मोडला, तोही ओसाकात, म्हणजे जपानमध्येच झालेला. लांब केस, मिशा, साडेसहा फुटांच्या जवळपास उंची असा हा मुलगा २०२३ मध्ये बुडापेस्टला एकविसाव्या वर्षी जगज्जेता झाला, पुढच्या वर्षी पॅरिसला ऑलिंपिक विजेता आणि २०२५ मध्ये पुन्हा जगज्जेता. या तिन्ही स्पर्धांत महिलांचं हातोडाफेकीचं सुवर्णही कॅनडाच्याच कॅमरिन रॉजर्सने जिंकलं. दोघंही ब्रिटिश कोलंबिया प्रांतातले.

एवढं सगळं असताना अ‍ॅथलेटिक्सच्या डायमंड लीग मालिकेत हातोडाफेक नाही. २०१० मध्ये ही मालिका सुरू झाली तेव्हापासून नाही. भाला आहे, थाळी आहे, गोळा आहे, हातोडा तेवढा वगळलेला. कारणं नेहमीची सांगितली जातात : हातोडा पडला की फुटबॉलच्या हिरवळीत खड्डे पडतात, पिंजरा उभारण्यात वेळ जातो, टीव्हीवर फेक नीट दिसत नाही. मला यातलं एकही पटत नाही. पिंजरा थाळीफेकीलाही लागतोच. हिरवळ दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते. आणि टीव्हीचं म्हणाल, तर प्रत्येक गिरकीला गोळ्याचा वाढत जाणारा वेग पडद्यावर दाखवला तर प्रेक्षक खिळून बसेल. कॅट्झबर्गसारखा खेळाडू हातात असताना त्याला जगातल्या सर्वांत मोठ्या मालिकेबाहेर ठेवणं हा शुद्ध अन्याय आहे.

या खेळाच्या अंगावर डाग आहेत, तेही सांगायला हवेत. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये हंगेरीचा आद्रियान आन्नुश पहिला आला, पण उत्तेजकांच्या प्रकरणात त्याचं पदक काढून घेतलं गेलं आणि सुवर्ण जपानच्या कोजी मुरोफुशीला मिळालं. त्या स्पर्धेतलं रौप्यही पुढे काही वर्षांनी रद्द झालं. युरी सेदिखचा ८६.७४ मीटरचा जागतिक विक्रम १९८६ पासून अबाधित आहे आणि त्या काळातल्या सगळ्याच विक्रमांकडे लोक संशयाने बघतात. म्हणूनच आजच्या कडक चाचण्यांच्या काळात कोणी ८४.७० मीटरपर्यंत पोहोचतो, तेव्हा त्याचं मोल मला जास्त वाटतं.

मुरोफुशींचं नाव निघालं तर त्यांच्या वडिलांचंही घ्यायला हवं. शिगेनोबू मुरोफुशी १९७० ते १९८६ या काळात सलग पाच वेळा आशियाई क्रीडा स्पर्धांत विजेते झाले. त्यातलं एक सुवर्ण १९८२ चं, आपल्या दिल्लीतलं. बापाने आशिया जिंकला, मुलाने जग. जपानमध्ये हा खेळ असा मुरला.

आपल्याकडेही सुरुवात वाईट नव्हती. 'महाभारत' मालिकेत भीमाची गदा ज्यांच्या खांद्यावर शोभली, त्या प्रवीण कुमार यांनी १९६६ च्या किंग्स्टन राष्ट्रकुल स्पर्धेत हातोडाफेकीचं रौप्य जिंकलं होतं. आज जगातले अव्वल खेळाडू ऐंशीच्या पुढे फेकतात आणि आपले सत्तरीच्या आसपास अडकले आहेत. हा खेळ चोरून-मारून शिकता येत नाही. त्याला भक्कम पिंजरा लागतो, राखीव पट्टा लागतो, पायांचं तंत्र वर्षानुवर्षं घोटून घेणारा प्रशिक्षक लागतो. महाराष्ट्राच्या जिल्हा क्रीडा संकुलांचे आराखडे करणाऱ्यांनी धावपट्टीसोबत या पिंजऱ्याचाही विचार करावा. नीरजच्या ऑलिंपिक सुवर्णानंतर गावोगावची मुलं भाला मागायला लागली, कारण त्यांनी तो टीव्हीवर उडताना पाहिला होता. हातोडा त्यांना अजून कोणी दाखवलेलाच नाही.

२०२६ च्या सप्टेंबरात जपानमध्येच, आयची-नागोयाला आशियाई क्रीडा स्पर्धा आहेत. प्रक्षेपण करणाऱ्यांनी हातोडाफेकीची अंतिम फेरी तुकड्या-तुकड्यांत न दाखवता पूर्ण दाखवावी. आणि वाचकहो, तुम्हीही तिची वेळ आधी बघून ठेवा आणि पहिल्या फेकीपासून बघा.