खेळातल्या रिपीटरचं काय?

लातूरच्या ट्यूशन एरियात जून महिन्यात एक शब्द सारखा कानावर पडतो: रिपीटर. पहिल्या वर्षी ‘नीट’मध्ये गुण कमी पडले म्हणून पुन्हा तयारीला बसलेलं पोरगं. नांदेडातही तेच चित्र. या पोराला कुणी नापास म्हणत नाही. बाप सोयाबीनच्या पैशातून खोलीचं भाडं भरतो, गावाकडून एसटीनं डबा येतो, आणि टेस्ट झाली की यादीवर बोट फिरवत पोरगं आपला नंबर शोधतं. गुण शंभरानं वाढले का, विसानं? वाढले एवढं पुरतं. अजून एक वर्ष द्यायला घर तयार असतं.

हेच पोरगं वेगवान गोलंदाज असतं तर?

तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरचं उदाहरण फार जुनं नाही. 2022 मध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. उंचापुरा, वेग असलेला, तळाला येऊन षटकार मारणारा. त्यानंतर लगेच आयपीएलच्या लिलावात चेन्नईनं त्याला दीड कोटीला घेतलं. पहिला हंगाम बाकावर गेला. 31 मार्च 2023 ला अहमदाबादेत गुजरातविरुद्ध पहिल्याच सामन्यात त्यानं तीन बळी घेतले, पण त्या हंगामात त्याच्या वाट्याला सामने आले दोनच. वर्ष संपायच्या आत संघानं त्याला सोडलं. 2024 च्या अखेरीस लखनौनं घेतलं ते तीस लाखांना. दीड कोटीचे तीस लाख झाले म्हणून पारावर हळहळ झाली असेल. खरी हळहळ त्या दोन सामन्यांची वाटायला हवी. कच्चा गोलंदाज नेटमध्ये घोटून निघतो खरा, पण पिकतो तो सामन्यातच.

शेजारच्या अंबाजोगाईचा दिग्विजय देशमुख आठवतो? ‘काय पो चे’ चित्रपटातला छोटा अली. 2019 च्या डिसेंबरात मुंबई इंडियन्सनं त्याला वीस लाखांना घेतलं, गावात फटाके वाजले असतील, पण त्या हंगामात तो मैदानावर उतरलाच नाही. यात संघांनी फसवलं असं म्हणता येत नाही. त्यांना यंदाचा चषक हवा असतो, आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराचं माप यंदाच्या हिशोबात बसत नाही. पण मग ज्याला घडवायची सवडच नाही, त्याला विकत घ्यायची घाई कशासाठी?

सवड काढणारे संघ आहेत. अमेरिकेच्या एनबीए बास्केटबॉलमध्ये 2013 साली मिलवॉकी बक्सनं यानिस अँटेटोकुंम्पो नावाचा काडीपैलवान घेतला. तोवर तो ग्रीसच्या दुय्यम श्रेणीच्या लीगमध्ये खेळत होता. पहिल्या हंगामात सामन्यामागे सातसुद्धा गुण नाहीत. पण संघ त्याला खेळवत राहिला. 2019 आणि 2020 मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, 2021 मध्ये त्यानं संघाला विजेतेपद मिळवून दिलं. एवढं लांब जायचीही गरज नाही. श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार प्रो कबड्डीत पुणेरी पलटणकडे आला तेव्हा नवखा होता. डिसेंबर 2022 मध्ये पलटण अंतिम सामन्यात जयपूरकडून हरली. दुसऱ्या एखाद्या मालकानं संघच मोडला असता. पलटणनं अस्लम, मोहित गोयत, पंकज मोहिते ही पोरं धरून ठेवली, अस्लमलाच कर्णधार केलं, आणि 1 मार्च 2024 ला हैदराबादेत हरियाणाला 28-25 असं हरवून चषक उचलला.

मराठवाड्याला हे धीराचं काम कुणी शिकवायला नको. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार पुढे पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले. पाटोद्याहून आलेला राहुल आवारे हा त्यांचा पठ्ठा. तालमीत नव्या पोराला लगेच कुस्ती मिळत नाही. आधी पहाटे उठून हौदातली माती उकरायची, मग जोर-बैठका, मग मोठ्या मल्लांचा मार खायचा. खुराक मात्र सुरू असतो. राहुलनं 2008 साली पुण्यातल्या राष्ट्रकुल युवा स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. 2011 मध्ये बिराजदार गेले. पोरका झालेला मल्ल लातूरच्याच काका पवारांनी आपल्या हाताखाली घेतला. रिओ ऑलिंपिक हुकलं, तरी तालीम सुटली नाही. 2018 मध्ये गोल्ड कोस्टला 57 किलो गटात राष्ट्रकुल सुवर्ण आलं, पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत कांस्य. युवा स्पर्धेपासून मोजली तर दहा वर्षं, आणि एक वस्ताद गेला तर दुसरा उभा. कुठल्या लीगच्या करारात हे कलम असतं?

तालीमही काही स्वर्ग नव्हे. तिथं दुखापतीचा विमा नसतो, शिक्षण सुटतं, आणि खुराकाचा खर्च बापाच्या जमिनीतून निघतो. म्हणून लीगचा पैसा आणि तालमीचा धीर एकत्र यायला हवा. क्रिकेटची महाराष्ट्र प्रीमियर लीग 2023 पासून सुरू आहे. तिथल्या प्रत्येक संघानं वीस वर्षांखालचे दोन खेळाडू निदान तीन वर्षांच्या करारानं घ्यावेत, हंगाम नसताना त्यांचा प्रशिक्षक बदलू नये आणि ठरावीक सामने त्यांना मिळालेच पाहिजेत, असा नियम करायला कुणाची हरकत असावी? मालकांची असेल. मालक वर्षाचा हिशोब मागतात.

दुसरी अडचण अंतराची. जानेवारी 2020 मध्ये बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके यांच्यात झाली. दोघेही काका पवारांचे पठ्ठे. कुस्ती सुटल्यावर जिंकलेल्या हर्षवर्धननं हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. तो फोटो दुसऱ्या दिवशी घरोघरी पोहोचला. वस्ताद लातूरचा, मल्ल लातूरचा, आणि दोघांची तालीम मात्र तीनशेहून जास्त किलोमीटरवर, पुण्यात. ज्या लातुरात परगावच्या हजारो पोरांच्या खोल्यांची, मेसची आणि सरावाची सोय होते, तिथं वीस मल्ल आणि वीस गोलंदाज ठेवायला जागा सापडत नाही, हे ट्यूशन एरियात फिरलेल्या माणसाला तरी पटणार नाही.