यात ज्वारी कुठंय?

परवा गावच्या जमिनीवरून आमच्याकडे घरगुती परिषद भरली होती. चार एकर कोरडवाहू, ज्वारीचं रान. धाकटे बंधुराज म्हणाले, "दादा, आता शेती शहरात, उंच इमारतींमध्ये होणार. ती जमीन ठेवून काय करायचंय?" लगेच मोबाईलवर व्हिडिओ. जांभळा उजेड, मांडण्यांवर मांडण्या, त्यात हिरवागार पाला आणि डोक्याला टोप्या घातलेली माणसं. आईने चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिला आणि विचारलं, "यात ज्वारी कुठंय?"

तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

कल्पना तशी गमतीची आहे हो. १९९९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डिक्सन डेस्पॉमिए यांच्या विद्यार्थ्यांनी शहरातल्या गच्च्यांवर किती पिकेल याचा हिशेब मांडला. उत्तर फारच तुटपुंजं आलं. मग सर म्हणाले, गच्चीच कशाला, आतले मजलेही घ्या! पाणी खरोखरच कमी लागतं, कारण तेच पुन्हा फिरवता येतं. पावसाची वाट पाहायला नको, फवारणीही जवळजवळ नको.

पण ऊन? भर दुपारी चौरस मीटरभर जमिनीवर साधारण १ किलोवॅट ऊन पडतं, तेही फुकट. मजल्यावर पीक घ्यायचं तर त्याच्या जागी दिवे लावावे लागतात, आणि वर वातानुकूलन. लेट्यूसला हे परवडू शकतं. त्यात बहुतेक पाणीच, महिन्या-सव्वा महिन्यात काढणी आणि भाव चढा. ज्वारीला चार महिने उजेड पुरवायचा, नुसती धाटं वाढवायलाही वीज जाळायची, आणि ते दाणे विकायचे किती रुपये किलोने?

बरं, पाल्याचंही गणित सगळ्यांना जमलं असं नाही. एअरोफार्म्सने जून २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. बावरी फार्मिंग नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद पडली. प्लेंटीनेही मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. या काही पैशाला महाग असलेल्या कंपन्या नव्हत्या!

असो. जमिनीचं दिवाळीत ठरेल. बंधुराजांना पैशांची नड आहे, हे मलाही ठाऊक आहे. त्यासाठी विकायची तर विकू, माझी सही तयार आहे. पण आईला तसं सांगून विकू. व्हिडिओ दाखवून नको.