स्लॅब आपला, वाळू तापीची

उन्हाळा आला की आपल्या मोहल्ल्यात कुठे ना कुठे सेंट्रिंगच्या फळ्या दिसतात. कुणी मुलाच्या लग्नाआधी वरचा मजला चढवतो, कुणाचं घरकुल मंजूर झालेलं असतं, कुठे मदरशाची खोली वाढवायची असते. गल्लीच्या तोंडाशी वाळूचा ढीग पडतो आणि पोरं त्यावर खेळतात. भाव काय पडला, एवढंच आपण विचारतो. ही वाळू कुठून आली, हे सहसा कुणी विचारत नाही. आमच्या घरावर स्लॅब टाकला तेव्हा आम्हीही विचारलं नव्हतं.

सिमेंट आणि पर्यावरण म्हटलं की आपल्याला चंद्रपूर-यवतमाळकडचे कारखाने आणि चुनखडीच्या खाणी आठवतात. ते नंदुरबारपासून फार लांब. पण काँक्रीट नुसत्या सिमेंटचं होत नाही. त्यात सिमेंटपेक्षा वाळू जास्त लागते आणि वाळूपेक्षा खडी जास्त. आपल्या जिल्ह्यात काँक्रीटची खरी किंमत मोजते ती तापी नदी.

एका स्लॅबचा हिशोब

सहाशे चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब धरू. म्हणजे २५० घनफूट काँक्रीट. एकास दीडास तीन या नेहमीच्या प्रमाणात त्याला ५५ ते ६० गोणी सिमेंट आणि साधारण १ ब्रास, म्हणजे १०० घनफूट वाळू लागते. जोडाई, प्लास्टर, फरशी वेगळीच. एका घराचं हे असं, तर गावोगावच्या घरांचं, रस्त्यांचं, पुलांचं काय होत असेल? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२ च्या अहवालात सांगितलं की जगात दरवर्षी सुमारे ५० अब्ज टन वाळू-खडी वापरली जाते. वाळवंटातली वाळू वाऱ्याने घासून गुळगुळीत झालेली असते, ती काँक्रीटमध्ये नीट धरत नाही. म्हणून नदीवरच सगळ्यांची नजर.

वाळू गेली की काय जातं?

नदीतली वाळू म्हणजे पाण्याची साठवण. पावसाळ्यात ती पाणी शोषते आणि उन्हाळ्यात हळूहळू काठच्या विहिरींना देते. वाळू उपसली की पात्र खोल जातं, विहिरींची पातळी उतरते, पुलाच्या पायाभोवतीची माती सुटते. टिटवी आणि नदी सुरय यांसारखे पक्षी उघड्या वाळूवर अंडी घालतात, कासवंही काठच्या वाळूत घालतात. तिथे पोकलेन उतरलं की त्या वर्षाची वीण संपली.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. तापीवर वरच्या अंगाला हतनूर धरण, मग सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे बॅरेज आहेत. पुराबरोबर येणारी वाळू वाटेत बऱ्याच अंशी अडते. म्हणजे उपसा चालूच, पण भर पूर्वीसारखी पडत नाही. त्यात गुजरातच्या निझर-कुकरमुंडा भागातून निघालेली वाळूही आपल्याच रस्त्यांवरून पुढे जाते. नदी एकच, राज्यं दोन.

कायदा आहे, पण...

सुप्रीम कोर्टाने २०१२ साली दीपक कुमार प्रकरणात सांगितलं की छोट्या खाणपट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी लागेल. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पावसाळ्यात नदीत उपसा करायचा नाही आणि ३ मीटरपेक्षा खोल जायचं नाही. महाराष्ट्राने २०२५ मध्ये नवं वाळू धोरण आणलं. त्यात घरकुलवाल्यांना ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत आहे. त्याच वर्षी कृत्रिम वाळूचंही धोरण आलं. क्रशरवाल्यांना स्वामित्वधन ब्रासमागे ६०० ऐवजी २०० रुपये केलं आणि सरकारी बांधकामांत टप्प्याटप्प्याने हीच वाळू वापरायची ठरलं.

नदीसाठी ही चांगलीच गोष्ट. पण कृत्रिम वाळू आकाशातून पडत नाही, ती डोंगर फोडून येते. नदी वाचवायला सातपुड्याच्या पायथ्याची टेकडी गेली, आदिवासी भावांच्या शेतावर धूळ बसली, तर आपण ओझं फक्त एका खांद्यावरून दुसऱ्यावर टाकलं, एवढंच.

इथे आपल्या जिल्ह्याच्या हातात एक मोठा हक्क आहे. अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा, नवापूर हे पूर्ण तालुके आणि नंदुरबार-शहाद्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे १९९६ च्या पेसा कायद्यानुसार गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीची शिफारस घ्यावीच लागते. या गावांमध्ये आपली घरंही आहेत. पण ग्रामसभेला आपण किती जण जातो? रेशनकार्डाचं काम असेल तर जातो. खाणपट्ट्याचा विषय आला की घरी बसतो.

आपल्या हातात काय आहे?

पहिलं, वाळू घेताना वाहतूक पास मागा. रात्री गुपचूप आलेली स्वस्त वाळू कुणाच्या तरी विहिरीचं पाणी घेऊन आलेली असते.

दुसरं, चांगली कृत्रिम वाळू मिळत असेल तर वापरा. मात्र क्रशरची डस्ट म्हणजे एम-सँड नव्हे. २०१६ च्या भारतीय मानकात कृत्रिम वाळूला जागा आहे, पण ती नीट चाळलेली, गरज असेल तिथे धुतलेली हवी.

तिसरं, सिमेंट निवडताना पीपीसी मागा. एक टन क्लिंकर भाजताना पाऊण टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पीपीसीत क्लिंकर कमी असतं, त्याच्या जागी १५ ते ३५ टक्के राख असते, भुसावळजवळच्या दीपनगरसारख्या औष्णिक केंद्रांतून निघते तशी. फक्त हे सिमेंट सावकाश ताकद धरतं, म्हणून किमान १० दिवस पाणी मारा. तीन दिवसांत पाणी बंद केलं आणि मग सिमेंटला नावं ठेवली, हे बरोबर नाही.

चौथं, सगळं अंगण काँक्रीटने बुजवू नका. थोडी माती मोकळी ठेवा, पावसाचं पाणी मुरू द्या. जुन्या भिंतीचा मलबा नाल्यात न टाकता भरावाला वापरा.

शेवटची विनंती मस्जिद-मदरशांच्या कमिट्यांना. लोकांच्या चंद्यातून इमारत उभी राहते, तो पैसा अमानत असतो. हिशोबाच्या वहीत सिमेंट-सळईची बिलं लावतो, तशी वाळूची पावतीही लावा. नमाजी उद्या विचारतील तर दाखवता येईल. एक कमिटी असं करू लागली की ठेकेदार दुसरीकडेही पावती घेऊन येईल. सरकारने तपासणी करावी ही मागणी आपण करूच, पण आपल्या दारातल्या ढिगाची चौकशी तर आपणच करायला हवी.

पोरं त्या ढिगावर खेळतात. त्यांच्या पोरांना तापीत वाळू दिसावी, एवढंच आमचं म्हणणं.